लाइन क्लिअर दिली नव्हती, आबा

आबा, काल घाटावर कावळा लगेच शिवला. गुरुजींनी पिंड ठेवले, नदीत हात धुतले आणि मागं वळून बघतात तर एक कावळा भातात चोच घालूनसुद्धा मोकळा झाला होता. त्याच्यामागून दुसरा आला आणि तुमच्या आवडीचा म्हणून आईनं ठेवलेला बटाटेवडा उचलून बाभळीवर जाऊन बसला. माणसं अजून पायऱ्यांवर नीट उभीही राहिली नव्हती. "म्हातारा समाधानी गेला," कुणीतरी मागून म्हणालं. बाबांनी डोळे पुसले. सगळ्यांना बरं वाटलं, आणि ऊन चढायच्या आत सगळी मंडळी घरी जेवायला बसली.

मला मात्र तुमचा राग आला. अजून आहे. हे सगळे दिवस मी मनाशी धरून चालले होते की कावळा काही सहजासहजी यायचा नाही. बाबा काहीबाही कबूल करतील, आत्या रडेल, गुरुजी घड्याळ बघतील, आणि कावळा जागचा हलणार नाही. मग मी पुढं होईन. पुढं होऊन काय बोलणार होते, ते माझंही ठरलेलं नव्हतं. पण तुम्ही थांबाल याची मला खात्री होती, कारण आपलं तसं ठरलं होतं. ते कसं ठरलं हे तुम्हाला सांगायची गरज नाही. तरी सांगते, कारण आता ते ठाऊक असलेली मी एकटीच उरले आहे, आणि एकटीला ठाऊक असलेली गोष्ट खरी घडली होती का असं मधूनच वाटायला लागतं.

आजी गेली तेव्हा मी पहिलीत होते. आई-बाबा दोघं शिरूरकडच्या कारखान्यात, दोघांच्या शिफ्टा उलट्यासुलट्या, म्हणून मी तान्ही असल्यापासून दौंडला तुमच्याकडं. तुमच्याकडं म्हणजे खरं तर आजीकडं. तुम्ही रेल्वेच्या केबिनमध्ये सिग्नलचे लीव्हर ओढण्यात जन्म घालवून नुकतेच रिटायर झाला होतात आणि घरात पाहुण्यासारखे बसायचात. आजीच्या दहाव्याला याच घाटावर कावळा शिवेना. पिंडाशेजारी तिची मिसरीची डबी ठेवली होती, भजी ठेवली होती. कावळे होते, झाडभर होते, पण एकही खाली उतरेना. बाबा म्हणाले, मोटारसायकल हळू चालवीन. आत्या म्हणाली, आईच्या पाटल्या मला नकोत, आणि म्हणताना तिचा चेहरा बघून मलासुद्धा कळलं की हे काही खरं नाही. ऊन डोक्यावर आलं, माझे पाय भाजायला लागले, आणि गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायच्या तयारीला लागले. तेव्हा तुम्ही पुढं झालात. हात जोडले नाहीत, काही नाही, घरात बोलावं तसं बोललात.

"बायडी माझ्यापाशीच ऱ्हाईल. शिरूरला धाडत न्हाई तिला. झालं समाधान?"

कावळा आला. मी तुमच्या धोतराचं टोक धरून उभी होते आणि आ वासून बघत होते. मला वाटलं, तुम्ही आजीशी बोललात आणि आजीनं ऐकलं.

पुढं तुम्ही शब्द पाळला, पण कसा पाळला ते सांगायला हवं. तुम्हाला वेणी घालता येत नव्हती. तुम्ही माझे केस गाठी मारून असे आवळायचात की माझ्या भुवया दिवसभर वर चढलेल्या असायच्या. बाजारातून रिबिनी आणल्यात त्या एक लाल आणि एक हिरवी. बाईंनी वर्गात उभं करून विचारलं, हे काय आहे? मी तुम्ही सांगितलं होतं तसं सांगितलं, की लाल म्हणजे थांबा आणि हिरवी म्हणजे चला. बाईंनी संध्याकाळी तुम्हाला बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही दोन्ही वेण्यांना हिरव्या रिबिनी बांधल्यात आणि म्हणालात, "घे. आता तुला कुनी अडवनार न्हाई."

भाकरी मात्र तुम्हाला चांगली जमायला लागली. शेजारच्या हमीदाचाचींनी शिकवली. आणि रोज सकाळी पहिल्या भाकरीचे तुकडे करून तुम्ही परसात धुण्याच्या दगडावर ठेवायचात आणि तोंडानं एक चमत्कारिक आवाज काढायचात. थोड्याच दिवसांत कावळे तुमच्या आधी येऊन भिंतीवर बसायला लागले. चाचींनी एकदा विचारलं, आबा, हे काय नवीन? त्यावर तुम्ही जे बोललात ते मी मोरीत तोंड धुता धुता ऐकलं.

"बायकूच्या येळंला बगितलं न्हवं? समद्यांना उन्हात ताटकळत ठिवलं ह्यांनी. माझ्या येळंला तसं नगं. आत्तापासनं वळख ठेवलेली बरी."

चाची हसल्या. तुम्हीही हसलात. मी ब्रश तोंडात धरून तशीच उभी राहिले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. माझा हिशोब सरळ होता. कावळा शिवला की माणूस जातं. आजी तोवर गेलेली नव्हती, घाटावरच कुठंतरी घुटमळत होती, कावळा शिवला आणि मग ती गेली. म्हणजे कावळाच आला नाही तर तुम्हाला जाताच येणार नाही. आणि तुम्ही तर त्यांना रोज भाकरी घालून बोलावून घेत होतात.

त्या दिवसापासून मी कावळ्यांशी उभा दावा मांडला. तुम्ही भाकरी ठेवून आत वळलात की मी ताट आणि पळी घेऊन परसात. एवढा दणदणाट करायचे की चाचींच्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या, आणि त्या अंड्यांचा दोष बिचाऱ्या मालगाड्यांवर गेला. तुमचा रेल्वेतला काळा मोजा पेंढा भरून पेरूच्या झाडाला उलटा टांगला, मेलेला कावळा म्हणून. तुम्ही दोन दिवस तो मोजा शोधत होतात. कावळ्यांनी मोज्याभोवती जमून मोठा आरडाओरडा केला, आणि मग त्यांनी माझ्यावर डूख धरला. तुम्हाला काही करायचे नाहीत, चाचींना नाहीत, पण मी दारातून बाहेर पडले की वरून झडप. एकदा तर हिरवी रिबिनच घेऊन गेला एकजण. शेवटी मी माळ्यावरचं घमेलं काढलं आणि ते डोक्यावर घालून शाळेला निघाले. फाटकाजवळ रेल्वेतले तुमचे जुने दोस्त चहा पीत बसायचे. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी मला सलाम केला.

घमेलं तुम्ही काढून घेतलंत त्या संध्याकाळची गोष्ट. ओट्यावर मला समोर बसवलंत.

"काय ग बायडे, त्या मुक्या जिवांनी तुजं काय घोडं मारलंय?"

तुम्ही पुन्हा विचारलंत. मग माझा बांध फुटला आणि मी काय काय बरळले ते मला नीट आठवत नाही, पण शेवटी म्हणाले ते आठवतं. म्हणाले, ते आले की तुम्ही जाणार. आजी गेली. आई-बाबा रविवारीच येतात. तुम्ही गेलात तर माझी वेणी कोण घालणार?

तुम्ही हसला नाहीत. मला जवळ घेतलंत असंही नाही, तुम्हाला ते यायचंच नाही. तुम्ही एकदम केबिनमधल्या गोष्टी सांगायला लागलात.

"हे बघ. आमच्या रेल्वेत कुठलीबी गाडी आपल्या मनानं सुटत न्हाई. आपला शिंगल हाय, डायवर तयार हाय, समदं हाय, तरी सुटत न्हाई. आदी पुढच्या टेशनाला इचारायचं, का बाबा गाडी सोडू का? त्यानं व्हय म्हटलं, की मग सोडायची. त्याला म्हंत्यात लाइन क्लिअर. त्यानं न्हाई म्हटलं, तर मेल असू दे न्हाईतर मिनिस्टरची गाडी असू दे, हितंच उबी."

"मग तुम्ही पण विचारायचं," मी म्हणाले.

"कुनाला?"

"मला. जाताना."

"बरं. तुला इचारल्याबिगर जायाचो न्हाई."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर हितंच उबा. मोप भाकऱ्या खाऊ दे मग कावळ्यांना."

अशा रीतीनं तह झाला. मी ताट-पळी खाली ठेवली. तुमचा मोजा तुम्हाला परत मिळाला, जरा पेंढा लागलेला. कावळ्यांनी मात्र तहावर सही केली नव्हती. मी परसात असले की ते भिंतीवरून उतरायचे नाहीत. "तू आत जा, आन् मागं बगू नगं," तुम्ही म्हणायचात, आणि मी आत जाऊन दाराआड उभी राहिले की मगच दगडावर चोची वाजायच्या.

तुम्ही मात्र विचारण्याचा नेम कधी सोडला नाहीत. आधी ते खेळण्यात होतं. भाजीला निघालात की पिशवी झटकून म्हणायचात, "दौंड केबिन बोलतोय. जाऊ का?" मी म्हणायचे, "क्लिअर." कधी मुद्दाम नाही म्हणायचे, तर पिशवी खुंटीला अडकवून तुम्ही खरोखर बसून राहायचात, आणि त्या दिवशी आपण पिठलं खायचो. मी मोठी झाले, शिरूरला कॉलेजला गेले, पुण्यात नोकरीला लागले, तरी फोनवर तेच. सगळं बोलून झालं की घसा खाकरून, "बरं, ठेवू का? लाइन क्लिअर?" माझ्या ऑफिसातल्या मुलींना वाटायचं मी रेल्वेशी बोलते आहे. मी क्लिअर म्हटल्याशिवाय तुम्ही कधी फोन ठेवला नाहीत, आबा. एकदा मी मीटिंगमध्ये शिरायच्या घाईत फोन तसाच पर्समध्ये टाकला, तर बाहेर आल्यावर बघते, फोन चालूच, आणि आतून तुमचं खोकणं ऐकू येतंय.

अलीकडं आपलं भांडण एकच होतं. तुमचे गुडघे गेलेले, एका डोळ्यानं कमी दिसायला लागलेलं, आणि घरात तुम्ही एकटे. बाबा म्हणाले शिरूरला चला, नाही. मी म्हणाले पुण्याला चला, नाही. माझ्याकडं कोण आहे, मी एकटीच असते, तुम्ही आलात तर मलाही घरी परत यायला कारण होईल, हे मी तुम्हाला सरळ कधी सांगितलं नाही. मी गुडघ्यांचं कारण सांगत राहिले. आणि तुम्ही कावळ्यांचं.

"ह्यांना कोन घालनार?"

"आबा, पुण्यात कावळे नाहीत का?"

"हायत की. पर वळखीचे न्हाईत."

शेवटच्या फोनवरही हेच झालं. मी चिडले. म्हणाले, "मग सांभाळा तुमचे कावळे," आणि फोन ठेवला. तुम्ही घसा खाकरला होतात, मला ऐकू आलं होतं. क्लिअर म्हणायचं राहून गेलं. मला वाटलं, संध्याकाळी पुन्हा फोन येईलच, तेव्हा बघू.

संध्याकाळच्या आधीच बाबांचा फोन आला.

मी पोचले तेव्हा तुम्हाला ओट्यावर ठेवलं होतं. पुढचे दिवस घरात माणसं मावत नव्हती. चहा, सतरंज्या, येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगणं. मला रडायला सवडच मिळाली नाही, आणि खरं सांगायचं तर मी रडणं दहाव्यासाठी राखून ठेवलं होतं. माझी अशी पक्की समजूत झाली होती की तुम्ही अजून गेलेला नाही. तुम्ही विचारलं नव्हतं ना. तुम्ही घाटावर विचाराल. कावळा थांबेल, तेच तुमचं विचारणं. इतकी वर्षं झाली, कंपनीत माझ्या हाताखाली माणसं आहेत, आणि मी घाटावर उभी होते ती पहिलीतली मुलगी म्हणून. आणि तुमच्या त्या कावळ्यानं मला श्वास घ्यायलाही वेळ दिला नाही. माझे दोन्ही हात आपोआप वर आले होते, टाळी वाजवून त्याला हुसकवायला. आईनं बघितलं. तिला वाटलं मी नमस्कार करते आहे.

म्हणून राग. इतकी वर्षं त्यांना भाकरी घालून ओळख ठेवलीत, ती कामाला आली. उन्हात कुणाला उभं राहावं लागलं नाही. पण मला उभं राहायचं होतं, आबा. संध्याकाळपर्यंत उभी राहिले असते.

काल रात्रीपर्यंत सगळे पांगले. बाबा-आई शिरूरला गेले, परवा तेराव्याच्या तयारीला परत येतील. मी राहते म्हणाले. आज सकाळी उठले तर घर एवढं गप्प की मी उगाच नळ सोडला. आणि मग भिंतीवर ओळीनं बसलेले ते दिसले. काल पोटभर जेवून गेलेले तुमचे ओळखीचे. तुमचे पिंड खाऊन आज पुन्हा तुमच्याच दाराकडं माना वाकड्या करून बघत होते. त्यांना कुणी सांगितलंच नसावं. मला आधी संताप आला आणि मग त्यांची इतकी दया आली की मी तिथंच धुण्याच्या दगडावर बसून मोठ्यानं रडले. ते उडाले नाहीत. बघत राहिले.

भिंतीपलीकडून हमीदाचाचींनी डोकं वर काढलं. हातात भाकरी होती.

"इतके दिवस मीच टाकत हुते, माज्या पत्र्यावर. तुमच्यात गर्दी हुती म्हनून. आता तू घाल, बेटा."

भाकरी माझ्या हातात देऊन त्या तिथंच उभ्या राहिल्या. काहीतरी सांगायचं आहे हे कळत होतं.

"त्या दिशी बी घातली हुती त्यांनी," त्या म्हणाल्या. "जरा उशिरा आले भाईर. म्हनले, चाची, पोरगी रागावलीय माज्यावर. सांच्याला फोन लावायचाय, एक इचारायचंय तिला. आन् मग हितं बाजंवर बसले ते बसलेच."

"काय विचारायचं होतं?"

"ते काय बोलले न्हाईत. रिचार्जचं असंल. संपत आलाय, म्हनत हुते."

असेल. रिचार्ज संपत आल्याचा मेसेज मलाही आला होता, तुमचा नंबर माझ्याच मोबाइलला जोडलेला आहे. तेच असेल. तुम्ही रिचार्जसाठीही तोच शब्द वापरायचात, एक इचारायचंय. किंवा पुण्याला येण्याबद्दल असेल. किंवा फोन ठेवायचा राहिलाय, ठेवू का, एवढंच असेल. आणि दुसरं ते, जाऊ का, असेल तर मला आता कळणार नाही. पण तुम्ही विचारायला निघाला होतात. संध्याकाळी विचारणार होतात. सकाळपासून हे मनात इतक्या वेळा म्हणून झालं आहे की त्याची चव गेली, तरी म्हणते आहे. विसरला नव्हतात तुम्ही.

चाची आत गेल्यावर मी भाकरीचे तुकडे केले, तुम्ही करायचात तेवढेच लहान, आणि दगडावर ठेवले. तुमचा तो आवाज काढून बघितला. जमला नाही. कावळे भिंतीवरून हलेनात. हे माझ्या वेळचे नसणार, त्यांची नातवंडं-पतवंडं असतील, पण घमेल्याची हकीकत त्यांच्या घराण्यात सांगितली जात असावी. आम्ही तसेच एकमेकांकडं बघत राहिलो. काल जो घाटावर थांबला नाही तो आज माझ्या समोर ऊन चढेपर्यंत थांबून राहिला. आणि मला जे काल बोलायचं होतं ते आज कुणी ऐकायला नसताना तोंडावर आलं.

रविवारी येत जाईन, आबा, पुण्याहून. मधल्या दिवसांत चाची घालतील, तसं त्यांना सांगून ठेवलं आहे. तुमच्या फोनचा रिचार्ज मारला आहे, विचारायचं ते त्याचं असेल तर झालं. आणि दुसरं काही विचारायचं असेल, तर त्याचं उत्तर नाही असं आहे. तेव्हाही नाही म्हटलं असतं, आताही नाही. भाकरी घातली म्हणून त्याचा अर्थ क्लिअर असा घेऊ नका. मी काही म्हटलेलं नाही.

मग मी आत आले. मागं बघितलं नाही. दाराआड उभी राहिले, आणि थोड्या वेळानं दगडावर चोची वाजायला लागल्या.